भाऊजींचं बियाणं आणि माझा फ्रिज

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या भाऊजींनी मला जितका राग आणला, तितका अख्ख्या आखातात कुणी कुणाला आणला नसेल. हे मी शांत डोक्याने लिहिते आहे. इथल्या अल नहदा भागातल्या आमच्या घरात मिठाच्या बरणीलाही ठरलेली जागा होती. भाऊजी माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले. बायको-मुलं अलिबागजवळ गावी, स्वतः इथे एकटे. त्यांचा फ्रिज बियाण्याने भरला, तेव्हा ते माझ्या फ्रिजकडे वळले. घोसाळी, पडवळ, पावटा, सगळं राखेत घोळवून कॉफीच्या बाटल्यांत बंद. "थंड आणि कोरडं ठेवलं ना वहिनी, की बी मरत नाही, थांबतं." त्यांच्या बियाण्यापायी माझं श्रीखंड मात्र बाहेर ओट्यावर थांबायचं आणि आंबायचं.

एकदा चिडून मी त्यांच्या पावट्याची उसळ केली आणि त्यांनाच वाढली. दुसऱ्यांदा मागून घेऊन म्हणाले, "हा आमच्या आजीच्या परसातला. चव तीच आहे." सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं?

नुसतं साठवून त्यांचं भागत नसे. जुनं बी कोमट पाण्यात भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळायचं आणि ऊब लागते म्हणून माझ्याच फ्रिजच्या मागे ठेवायचं. रोज सकाळी बेल. "वहिनी, कोंब?" खाली ऑफिसची बस हॉर्न वाजवतेय, नवरा जिन्यातून ओरडतोय, "यल्ला, चला हो!" आणि हे चष्मा कपाळावर चढवून फडकं उलगडतायत. बहुतेक वेळा आत कुजका वास. तरी तोंडात एकच वाक्य, "अजून वेळ आहे." एकदाच घोसाळ्याच्या एका बीला कोंब फुटला, तर आमची मुलगी नाचायला लागली, "आई, इट्स अलाइव्ह!" तिला फितवली, हाही राग आहेच.

त्यांचा पोपट मेल्यावर त्याचा उरलेला दाणासुद्धा बाटलीत भरून माझ्याकडे आला आणि कित्येक वर्षं लोणच्यामागे पडून राहिला. एका शुक्रवारी त्यांनी मला त्यांच्या बाल्कनीत नेलं. "पोपट जाऊन किती वर्षं झाली, आणि त्याचा दाणा बघा!" कुंडीत बाजरी होती, करडई होती, आणि मधोमध पंजासारखी कातरलेली पानं. हे पान मी लहानपणी नाशकात बैराग्यांच्या मठामागे पाहिलेलं.

"भाऊजी, ही भांग आहे!"

"हो ना! सगळ्यात हट्टी बी. एवढं जुनं झालं की सहसा उगवतच नाही." चेहरा असा, की जणू नातू झालाय.

"अहो, इथे याला तुरुंग आहे! बाटली माझ्या फ्रिजात होती, म्हणजे आम्हालाही! नोकरी, व्हिसा, मुलीची शाळा, सगळं खलास!"

मी रोपं मुळासकट उपटली, बारीक तोडून फ्लश केली. बाटलीतला दाणा कुकरमध्ये शिजवून त्याचा लगदा केला. भाऊजी रिकामी कुंडी धरून माझ्या दारात उभे. "उगवलं एवढंच बघायचं होतं, वहिनी."

"कशाला पण?"

"पुढच्या वर्षी रिटायर. व्हिसा संपला, की परत जायचं." मग कुंडीकडे बघत म्हणाले, "सुट्टीत घरी गेलो की बायको मला चहा द्यायला पाहुण्यांची कपबशी काढते. एवढं जुनं बी धरतं हे बघितलं, की बरं वाटतं."

"मग पावटा लावा!" मी म्हणाले आणि दार लावलं. त्या संध्याकाळी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा गार होऊ दिला.

पुढच्या वर्षी ते गावी परत गेले. बाटल्या बॅगेत भरून घेऊन गेले. नंतर शुक्रवारी त्यांचा फोन यायचा. मीच विचारायची, "भाऊजी, कोंब?" ते म्हणायचे, "अजून वेळ आहे." ते पावट्याबद्दल बोलत नव्हते आणि मीही नाही.

मग एका शुक्रवारी बोलता बोलता मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "अहो, किती वेळ ते फोनवर? चहा ठेवलाय. कपाचा कान तुटलाय, नीट धरा, भाजेल!"

पलीकडून फुर्रकन चहा ओढल्याचा आवाज आला.

फ्रिजमधला तो कप्पा आता माझा आहे. श्रीखंडाला जागाच जागा. पण डबा ठेवायला हात पुढे केला, की अजून आधी बेलकडे कान जातो. याचाही राग मी त्यांच्याच नावावर मांडते.