हशाचं धृपद

रविवारी सकाळी मी एका अमेरिकन ब्लूज गायकाची रेकॉर्ड लावतो. ती भर बारमध्ये, गाणं रंगलेलं असतानाच ध्वनिमुद्रित केलेली आहे. त्यामुळे दोन गाण्यांच्या मध्ये ग्लास किणकिणतात, गायक काहीतरी मिश्कील बोलतो आणि सगळा बार हसतो. पाठोपाठ मीही हसतो. त्याचं इंग्रजी मला ओ की ठो कळत नाही. पण आरतीची मधली कडवी ओठांत पुटपुटून धृपदाला आवाज चढवणारा मी माणूस, हसायची जागा कशी चुकेल? चार माणसं जमली की अर्थावाचून अडत नाही, ताल पुरतो. उखाणा ऐकू न आलेले वऱ्हाडीही हसतातच की!

या रविवारी मेथी निवडता निवडता बायको म्हणाली, "एवढं काय म्हणाला हो तो? आम्हालाही हसू द्या."

मी घसा खाकरला. "म्हणतो, बायको रुसली की घर बेसूर होतं."

"गुणाचा आहे हो!" ती म्हणाली.

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. "बाबा, काहीही काय! तो म्हणतोय, कोपऱ्यातल्या त्या काकांना अक्षर कळलेलं नाही, पण सगळ्यांत मोठ्यानं तेच हसतायत. थांबा, पुन्हा ऐका." तिनं सुई मागे नेऊन ठेवली.

बार पुन्हा हसला. बायको तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. या खेपेला विनोद मला पुरता कळला होता, आणि नेमकं आताच हसू फुटेना. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. मी खाली मान घालून मेथी निवडायला बसलो.