हा पाव्हणा कुठला?

नारखेडे सर फळ्यावर एखादा शब्द लिहायचे, त्याभोवती खडूने वर्तुळ काढायचे आणि वर्गाकडे वळून विचारायचे, "हा पाव्हणा कुठला बे?" धामणगाव बढ्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या शाळेत सहावीचा इतिहास असा सुरू होई.

सिकंदराच्या धड्यात लढाया ते दोन मिनिटांत उरकत. "सिकंदर पंजाबातून वापस गेला. त्याच्या मागून आलेले ग्रीक राजेही गेले. पण त्यायचे शब्द राह्यले. बाजार उठते, मीठ घरात राह्यते." विहिरीत लावतात तो सुरुंग, पत्रिकेतली होरा, भूमितीतलं केंद्र, हे सगळे ग्रीक पाव्हणे. एकदा माझ्याच कंपासचं टोक माझ्या बोटाला हळूच टेकवून म्हणाले, "केंद्र म्हणजे मुळात बैलाची पराणी. टोचते ते केंद्र. राह्यलं ध्यानात?"

राहिलं.

पुढे मी शिक्षक झालो, चाळिशी ओलांडताना केंद्रप्रमुख झालो. दहा-बारा शाळांची देखरेख माझ्याकडे आली, त्यांत सरांचीही. पहिल्या भेटीला सगळे शिक्षक उठून उभे राहिले. सर अर्धवट उठून म्हणाले, "मले बसू दे बे गजानन, गुडघे दुखून राह्यले." सगळे हसले. मलाही बरं वाटलं.

त्यांच्या नोकरीची दोन वर्षं उरली असताना ते प्रकरण झालं. शाळा समितीच्या अध्यक्षांकडे थोरल्या मुलीची पत्रिका जुळवणं चाललं होतं. सहावीतली धाकटी मध्येच बोलली, "होरा तर यवनांची हाय, सरांनी सांगितलं." यवन म्हणजे मुसलमान, एवढंच आमच्याकडे लोकांना ठाऊक. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष माझ्यासमोर. "मास्तर आमच्या पत्रिकेले मुसलमान करून राह्यला. तुमी पाहता, का आमी पाहू?"

चौकशी माझ्याकडेच आली. सर निवांत होते. "त्यात काय, गजानन. यवन म्हणजे ग्रीक, एवढं लिहून टाक अन् मोकळा हो."

खरंच तेवढंच लिहायचं होतं. पण अध्यक्षांची वरपर्यंत ओळख होती, आणि मला बुलढाण्याकडे बदली हवी होती. मुलांच्या शिक्षणासाठी, असं मी बायकोला सांगत असे. अहवालात मी लिहिलं, 'सदर शिक्षकांच्या विधानास कोणताही आधार आढळून आला नाही.' खाली सही केली, सहीखाली शिक्का मारला. ते खोटं आहे हे गावात दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक मी. घरी मी हे आजवर बोललेलो नाही.

महिन्याभरात सरांचा इतिहास काढून घेतला आणि खेळाचे तास दिले. ज्यांना खुर्चीतून उठवत नव्हतं, ते गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर उभे.

अहवालाची प्रत द्यायला मीच गेलो. शिपायाकडे पाठवता आली असती; पण हातात दिली की थोडं कमी लागेल, असं काहीतरी मनात होतं. सरांनी ती उभ्या उभ्या, चष्मा कपाळावर चढवून वाचली. मग म्हणाले, "लाल पेन हाय का?"

मी दिला. वाटलं, ते वाक्य खोडतील. त्यांनी त्याला हात लावला नाही. शिक्क्यावर 'केंद्रप्रमुख' होतं, त्यातल्या 'केंद्र'भोवती सावकाश वर्तुळ काढलं आणि कागद माझ्यासमोर धरला.

"हा पाव्हणा कुठला?"

या वेळी 'बे' नव्हतं. धडा न येणाऱ्या पोरासाठी थांबत तसे ते थोडे थांबले. मग पेन परत दिला. "पोरं वाट पाहून राह्यली, साहेब," म्हणाले आणि एका गुडघ्यावर हात ठेवत मैदानाकडे गेले. त्यांनी मला साहेब म्हटलं ते तेवढं एकदाच.

बदली मिळाली. मागच्या वर्षी सर गेले. स्मशानात मी मागे उभा होतो. चार माणसं बोलली, मला बोलायला कुणीतरी खुणावलंही, पण मी पुढे झालो नाही. आजही दिवसातून दहा ठिकाणी तोच शिक्का मारतो, आणि दरवेळी कंपासचं ते टोक बोटाला टेकतं.

उत्तर मला येत होतं. त्यांच्या वर्गात सगळ्यांत आधी माझाच हात वर जायचा.