पाच सेकंद दाबलेलं बटण

इक्वेडोरमधल्या ग्वायाकिलच्या बाजारात नुबिया प्रेसियादोचा लॅपटॉप दुरुस्तीचा गाळा माझ्या घड्याळांच्या गाळ्यासमोर आहे. पंचावन्नची, जाड चष्म्याची, तोंडानं फटकळ बाई. "आपोआप बिघडला हो," असं गिऱ्हाईक म्हणालं की ही म्हणायची, "हो ना, कॉफी आपोआपच आत शिरली!"

मार्चमधली गोष्ट. आमच्या वस्तीतले लेओविहिल्दो मास्तर चार दिवस बेपत्ता होते. गुंडांच्या टोळीनं केलेल्या एका खुनाचे साक्षीदार त्यांनी गोळा केले होते. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. त्या सकाळी टोळीतला बाग्रे आला. त्यानं लॅपटॉप नुबियासमोर ठेवला आणि शेजारी पिस्तूल.

"झोपेतून उठवला की अर्धा मिनिट चालतो, मग गोठतो. बाणसुद्धा हलत नाही. झाकण लावून पुन्हा उघडलं की पुन्हा तेच."

"बंद करून चालू केलास?"

"बंद करायचा नाही! बंद केला की पासवर्ड मागेल. आणि पासवर्डवाला आता बोलत नाही."

नुबियानं मशीन ओळखलं होतं. गेल्याच महिन्यात मास्तरांसाठी तिनं त्याची डिस्क बदलली होती. पासवर्ड घालताना मास्तरांनी तिला पाठमोरं उभं केलं होतं. "तुला माहीत नसलेलंच बरं, बाई," म्हणाले होते.

तिनं झाकण उघडलं. पडद्यावर यादी होती. वर 'साक्षीदार', खाली दोन नावं, दोन्ही आमच्याच गल्लीतली. बाकीची खाली होती, आणि तिथवर जायच्या आत पान गोठलं. दोष तिच्या लगेच लक्षात आला: मशीन जागं होत होतं, पण नवी डिस्क झोपेतून उठत नव्हती. दहा मिनिटांचं काम.

"वीज नीट येत नाहीये," ती म्हणाली. "तुझ्यामागं खाली प्लग आहे. दाबून धर जरा."

बाग्रे वाकला. नुबियानं चालू-बंदच्या बटणावर अंगठा दाबला आणि मनात आकडे मोजायला लागली. चारला तो वळला. पाचला पडदा काळा झाला.

"काय केलंस?"

"बंद केला. आता कोणालाच उघडता यायचा नाही."

त्यानं तिचा उजवा हात टेबलावर दाबला आणि पिस्तुलाच्या मुठीनं ठेचला. एकदा, दोनदा, तीनदा. हाडं मोडल्याचा आवाज मला समोर ऐकू आला. मी माझं शटर खाली ओढलं. फटीतून बघत राहिलो. हे मी लपवत नाही.

नुबियाच्या शेजारच्या गाळ्यात सोइला वीस वर्षं माशाचा रस्सा विकायची. ती उकळतं पातेलं घेऊनच धावली. "सोड तिला, कुत्र्या!" म्हणत तिनं ते त्याच्या तोंडावर रिकामं केलं. तो गुरासारखा ओरडला. डोळे मिटलेलेच, आणि त्यानं गोळी झाडली. ती सोइलाच्या गळ्यात शिरली. कांद्यात आणि माशाच्या तुकड्यांत ती बसल्यासारखी कोसळली, आणि पुन्हा हलली नाही.

मग हमाल तुटून पडले. लोखंडी कांबी, लाथा, बाटल्या. बाग्रेचा जबडा लोंबायला लागला तरी थांबेनात. थांबवलं ते नुबियानं. मोडका हात पोटाशी धरून ती मध्ये घुसली.

"मारू नका रे! मास्तरांना कुठं पुरलंय, ते ह्यालाच माहीत आहे!"

"ह्यानं सोइलाला मारलं!" एक हमाल रडत होता.

"मी पाहिलं. तरी जिता ठेवा."

जिता ठेवला. तिसऱ्या दिवशी इस्पितळातल्या खाटेवर त्यानं जागा सांगितली. मास्तर खाडीकाठच्या चिखलात सापडले, हात तारेनं बांधलेले. यादीतल्या त्या दोन्ही कुटुंबांना नुबियानं हात मोडला त्याच दुपारी, त्याला प्लास्टर घालायच्याही आधी, निरोप धाडला होता. त्याच संध्याकाळच्या बसनं ती कुटुंबं डोंगराकडच्या गावी गेली.

टोळीवर खटला उभा राहिला तेव्हा मला वाटलं होतं, साक्षीला कोणी येणार नाही. नऊ जण आले. यादीत किती जण होते, ते कोणालाच कळलं नाही. दहावी नुबिया होती. वकिलानं तिला विचारलं, मशीन का बंद केलंत?

"माझ्या गल्लीतली माणसं होती त्यात," ती म्हणाली, आणि शपथपत्रावर डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली.