सकाळी येऊन गेलेला वैद्य

गुरुबंधूंनो, भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगू लागला की मी हसून उठून जात असे. आमच्या घरात अक्षर ओळखणारा मीच पहिला. वडील लग्नाकार्यात पाणी भरायचे. वाईला गुरुजींनी पदरचं जेवू घालून वैद्यकी शिकवली आणि बजावलं — डोळ्यांनी दिसेल तेवढंच बोलावं. तेवढंच लिहितो.

श्रीमंत पेशवे मोहिमेवर होते, त्या साली मी पुण्यात नवा होतो. एका दुपारी नारायण पेठेतल्या कारकुनाच्या घरून बोलावणं आलं. पाच दिवसांचा मुलगा. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचं नाही, म्हणून गंगू सुईणीने त्याला उंबऱ्यापाशी आणलं. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटावर लाल पुरळ, मधे बारीक फोड.

"बिब्बा घातलास ना पोटावर?" मी गंगूवर ओरडलो. सुइणी तान्ह्यांना बिब्ब्याचा डाग घालतातच, आणि बिब्बा उतला की फोड येतात.

"नाही हो! घातला असेल तर हात झडो माझा."

"मग फोड काय आभाळातून पडले?"

तान्ह्यांची कावीळ आपोआप उतरते, फोडांना खोबरेल लावा, असं सांगून मी उठलो. तेवढ्यात आतून बाळंतीण, यमुना, म्हणाली, "वैद्यबुवा, सकाळी तर निराळं सांगितलंत."

"सकाळी? मी आत्ता पहिल्यांदा येतोय."

"अहो, उंबरा ओलांडून आत आलात की! गंगू केवढी ओरडली. म्हणालात, फोड आणि कावीळ हे दोन रोग नव्हेत, एकच आहे. यकृत निकामी होतंय. उद्या बेंबीतून रक्त येईल. गंगूला बोल लावू नका..." ती अडखळली. "आणि म्हणालात — दुपारी मी परत येईन, तेव्हा चुकीचं सांगेन."

गंगूने मान हलवून होकार दिला. ती मला भीत होती.

त्या सकाळी मी कसब्यात एका आजारी म्हाताऱ्याजवळ बसलो होतो. त्या घरची चार माणसं साक्षीला आहेत.

दुसऱ्या दिवशी बेंबीतून रक्त आलं. तुरटी, हळद, दाबून धरलेलं फडकं... थांबेना. मी गंगूची क्षमा मागितली. तिने नुसतं दुसरं फडकं पुढे केलं.

"काल सकाळी आलेल्या त्या वैद्यांनी औषध नाही हो सांगितलं," यमुना आतून म्हणाली. "तुम्ही त्यांना गाठून विचाराल? लवकर?"

मी हो म्हणालो, आणि खरंच रस्त्यावर आलो... कुठे जाणार होतो?

दिवेलागणीला मूल गेलं. तो कोण होता, हे मला आजही उलगडलेलं नाही.