जाळरेषा कुठून न्यायची

गेल्या पावसाळ्यात आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम आम्हा पाचसहा जणांना रविवारी सकाळी टेकडीवर न्यायच्या. चार खुंट्या आणि सुतळी घेऊन मीटरभर चौकोन आखायचा आणि आत उगवलेलं सगळं मोजायचं. "इथे काही नाही" असं म्हणायची सोय नव्हती. काही नसेल तर उघडी माती किती ते सांगा, म्हणायच्या.

फिरायला येणारे एक आजोबा पहिल्याच दिवशी थांबले. "गवत मोजताय?"

"हो, काका," मॅडम म्हणाल्या.

"छान. संपलं की कळवा."

मी पूर्व विदर्भातल्या एका गावची. घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. आमच्याकडे मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यामुळे आगीचं मला नवल नव्हतं. पण कुठे काय जगतंय हे आधी बघायचं आणि मग आग कुठे लावायची ते ठरवायचं, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

उन्हाळ्यात टेकडीच्या पलीकडच्या बाजूने वणवे येतात. ते पायथ्याच्या वस्तीपर्यंत जाऊ नयेत म्हणून वनखातं आधीच गवताचा एक पट्टा जाळून ठेवतं आणि त्याच्या कडेची माती फावड्याने खरवडतं. ती जाळरेषा. यंदा ती माथ्यावरच्या खडकाळ सपाटीवरून न्यायची, असं मॅडमनीच मागच्या वर्षी सुचवलं होतं. तिथे बोटभर गवत आणि दगड, म्हणजे नुकसान काहीच नाही.

मोजणीत उलटंच निघालं. उतारावरच्या कमरेएवढ्या गवतात जवळजवळ एकच जात होती. माथ्यावरचा एकेक चौकोन मात्र संपता संपत नव्हता. तिथे दुर्मिळ खर्चुडीही सापडली. तिला कंदिलासारखं फूल येतं आणि तिचा कंद इतका वरवर असतो की फावड्याने सहज निघून येईल. ती पाहून मॅडमनी तो चौकोन स्वतः पुन्हा मोजला.

जानेवारीत वनखात्याचे साहेब पाहणीला आले. तोवर माथा पार वाळला होता.

"मॅडम, इथे दिसत तर काहीच नाही. आणि ही जागा तुम्हीच सांगितली होती ना?"

"हो, मीच. तेव्हा नुसतं पाहिलं होतं. आता मोजलंय. माझं चुकलं होतं."

आम्हा विद्यार्थ्यांसमोर, त्यांच्या माणसांसमोर, अगदी सरळ आवाजात. चूक अशी कबूल करता येते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"मग न्यायची कुठून?"

"उतारावरून, पायवाटेच्या कडेने."

"तिथलं गवत कमरेएवढं आहे. पेटलं तर माझ्या माणसांना आवरायचं नाही. खाली वस्ती आहे, मॅडम."

त्यांचंही खोटं नव्हतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला लोकांपुढे बोलायला जमत नाही. तरी चाचरत म्हटलं, "सर, आधी कापून घेतलं तर? मग बुडखेच जळतील. जाळ उंच जानार नाही." 'जाणार'चं 'जानार' झालं, पण कोणी हसलं नाही.

साहेबांनी उताराकडे पाहिलं. "कापणार कोण?"

"आम्ही," मॅडम म्हणाल्या, आम्हाला न विचारता.

पुढचे काही रविवार आम्ही विळे घेऊन उतारावर होतो. मॅडमही. आजोबांनी चौकशी केली, "मोजून संपलं वाटतं, आता कापणी?" आणि दुसऱ्या रविवारी स्वतःच घरून हातमोजे आणून दिले.

साहेबांच्या माणसांनी पट्टा जाळला तेव्हा जाळ गुडघ्याच्या वर गेला नाही. राख निवेपर्यंत मॅडम तिथेच उभ्या होत्या. खाली उतरताना मी आनंदाने म्हटलं, "वाचलं ना मॅडम सगळं!"

"माथा वाचला," त्या म्हणाल्या. "उतारावर काय गेलं ते अजून कुठे माहीत आहे? पाऊस पडला की इथेही चौकोन टाकू."