पंचफुला मावशीचा लाल घाम

पंचफुला मावशीच्या तोंडी लागायची आमच्या वस्तीत कोणाची हिंमत नव्हती. बासष्ट वर्षांची बाई, मानेनं अधू, जिभेनं धडधाकट. बुद्धपौर्णिमेला विहारातल्या खिरीचा मोठा गंज ढवळायचा तो तिनंच, तीस वर्षं. दुसरीनं चाटू उचलला की म्हणायची, "सर वं बाजूले, खाली लागन." आणि तिच्या हातची खीर कधी लागली नाही, हे तिच्या वैरिणीही कबूल करतील. मी त्याच वस्तीची आशा वर्कर, प्रियंका. माझीही जीभ काही कमी नाही, म्हणून आमचं जमायचं.

तिचा एकुलता एक मुलगा रोशन. बियाण्याच्या धंद्यात कुठंकुठं फिरायचा, महिन्यातून चार दिवस घरी. त्यानं मार्चमध्ये तिच्या मानेसाठी एक कडक उशी आणली, लाल खोळीची, आत सरकी भरलेली. मावशीनं ती घरोघर नेऊन दाखवली. "पाह्य, माह्या पोरानं आणली. मायची मान दुखते हे त्याले समजते." तिचं ऐकून आणखी तिघींनी रोशनकडून तशाच उशा मागून घेतल्या. त्यात महिला मंडळाच्या नंदाबाईची सासूही होती.

हे २०१८ सालचं. एप्रिल संपत आला होता, मारेगावकडे दुपारी कुत्रंही सावली सोडत नव्हतं. पौर्णिमेला चार दिवस उरले होते आणि आम्ही बाया विहार धुऊन काढत होतो. मावशी फरशी पुसून उठली, तर तिच्या पांढऱ्या पातळाचा मानेकडचा भाग लाल झालेला.

"मावशी, रक्त!" मी ओरडले.

तिनं पदरानं मान पुसली. पदर गुलाबी झाला. जखम नाही, ओरखडा नाही. पुन्हा घाम ओघळला, तोही लालच. सगळ्या बाया जागच्या जागी थिजल्या. मावशीनं आधारासाठी माझ्याकडे हात केला आणि मी, साऱ्या गावाचा ताप मोजणारी, माझा हात मागे घेतला. त्याची लाज मला आजही वाटते.

आमच्या लोकांनी छप्पन साली देव आणि करणी सोडली, पण भीती कुठं सोडली होती? गेल्याच पावसाळ्यात फवारणीच्या विषानं जिल्ह्यात माणसं गेलेली. "इख भिनलं बुढीच्या अंगात," एक म्हणाली. दुसरीला तो लागणीचा रोग वाटला. संध्याकाळी नंदाबाई आली, खाली मान घालून म्हणाली, "मावशी, औंदा चाटू मी धरतो." मावशी तिच्यावर ओरडली नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

दुसऱ्या दिवशी तिला बसमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, पण शहाणा. म्हणाला, घामाला स्वतःचा रंग नसतो. काही गोळ्यांनी तो नारिंगी होतो, तांब्याच्या कारखान्यात काम करणाऱ्याचा हिरवट होतो, कधी कातडीवरचे जंतू रंग सोडतात, आणि लाखात एखाद्याच्या ग्रंथीच रंगीत घाम काढतात. "कुठली गोळी घेता, आजी?"

"गोयी नाई. चहा घेतो."

त्यानं तिची मान साबणानं धुतली, पांढऱ्या कापसानं पुसून लख्ख केली आणि तिला व्हरांड्यात उन्हाला बसवलं. दहा मिनिटांत घामाच्या धारा लागल्या. कापूस फिरवला, तो पांढराच्या पांढरा.

"घाम तुमचा चांगला आहे. रंग बाहेरून लागतो. घरात मानेला काय लागतं ते शोधा."

बसमध्ये मावशी सारखी हसत होती. "आता नंदीच्या हातातून चाटू घेतोच," म्हणाली. घरी येऊन आम्ही एकेक वस्तू ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहिली. साबण, तेल, झंपर. मग उशी. खोळ काढली तर आतलं पांढरं कापड लाल डागांनी भरलेलं. मावशीनं विळ्यानं टाके उसवले आणि मांडीवर लालभडक दाणे सांडले.

जन्मभर कापूस वेचलेली बाई. तिला कोणी सांगायची गरज नव्हती. सरकीला असा रंग नसतो. असा रंग, आणि त्यासोबत कीड मारायचं औषध, पेरायच्या बियाण्याला चोळतात. हे तर चोर बीटी, कापसाचं बिनपरवान्याचं बियाणं. त्यासाठी गावोगाव धाडी पडत होत्या.

तेवढ्यात रोशन दारात आला. "माय, उसवली काहून?"

"माह्या मानेसाठी आणली होती न तू?"

तो खाली पाहू लागला. "धाडी पडून राह्यल्या. बुढीच्या उशीत कोण पाह्यते म्हटलं. मिरगापर्यंतच ठेवाची होती."

मावशीनं मांडीवरचे दाणे झटकले. लाल घाम पाहूनही तिचा चेहरा असा झाला नव्हता. "मी साऱ्या वस्तीत सांगत फिरलो वं," ती मला म्हणाली.

मी रोशनला नाही नाही ते बोलले. मग एकदम आठवलं. नंदाबाईचा लहान मुलगा आजीच्याच उशीवर निजायचा, आणि दोन दिवस उलट्या करत होता. ऊन लागलं म्हणून सगळे त्याला कांद्याचा रस पाजत होते.

"सांगा लागन," मावशी उठली. रोशननं तिचे पाय धरले. "जेलात जाईन, माय!" तिनं पाय सोडवून घेतले आणि उशी काखेत मारली.

विहारात वंदना चालू होती. मावशीनं सगळ्यांसोबत पंचशील घेतलं, खोटं न बोलण्याचं शीलही म्हटलं. मग उभी राहून उशी पुढे ठेवली. "नंदा, पोराले आत्ताच दवाखान्यात ने. या चारी उशांत इखाचं बी हाये. म्याच भरलं, म्याच लपवलं. रोशनले काईच मालूम नव्हतं."

मी शेजारी उभी होते. खरं काय ते मला ठाऊक होतं.

पोरगं सलाईनवर दोन दिवस राहिलं आणि उड्या मारत घरी आलं. कृषीवाल्यांनी बियाणं नेलं, मावशीचा जबाब घेतला, वय पाहून दम देऊन सोडलं. पौर्णिमेच्या सकाळी नंदाबाई स्वतः चाटू घेऊन तिच्या दारी आली. "तुह्यामुळं पोरगं वाचलं. धर."

"मान दुखते वं. तूच ढवळ."

ती गेल्यावर मावशी हळूच म्हणाली, "शील घेतलं आन् तिथंच खोटं बोललो, प्रियंका. या हातानं आता खीर नाई ढवळाची." रोशन आत बसला होता. त्यानं ते ऐकलं.

त्या वर्षी खीर खाली लागली. करपट वास साऱ्या विहारात भरला होता. मावशीनं वाटीभर खाल्ली, पुन्हा मागून घेतली आणि नंदाबाईला म्हणाली, "चांगली झाली वं."

हे तिचं दुसरं खोटं.