कोमट पेज

"बोट बुडवा. बोटाले सहन होते न? मंग टाका." असं म्हणून तो आधी स्वतःचं बोट पेजेत घालायचा आणि मगच पुडी फोडायचा. डुकरांच्या, कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायच्या पावडरी विकणारा हा माणूस. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा कंपनीनं त्याच्या वाट्याला भंडारा दिला आणि दर बुधवारी त्याची मोटरसायकल आमच्या आंधळगावात येऊ लागली. माझं पशुखाद्याचं दुकान, त्यामुळे पहिला चहा माझ्याकडे.

असे विक्रेते तुम्हीही पाहिले असतील. गोड बोलतात, माल गळ्यात मारतात आणि पसार होतात. हा मात्र गिऱ्हाइकाच्या खुराड्यात शिरून कोंबड्यांची विष्ठा काडीनं उकरून बघायचा आणि त्याच हातानं माझ्याकडे सुपारी मागायचा. मी डबी लपवायला शिकलो. "पोट नीट तं सगळं नीट, भाऊ," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दह्यात असतात तसे जिवंत जंतू पुडीत असतात, ते आतड्यात घर करतात, हे तो इतक्या मायेनं सांगायचा की ऐकणाऱ्याला त्या जंतूंचीच काळजी वाटावी.

एका बुधवारी तो चहा घेत असताना गावाबाहेर डुकरं पाळणारी मावशी तणतणत दुकानात आली. आईपासून तोडलेली तिची पिल्लं हगवणीनं मरायला लागली होती. "कवाची तुमची पावडर चारून राहिली मी. राख विकता का जी?"

त्याचा चेहरा उतरला. आम्ही दोघं तिच्यासोबत गेलो.

चुलीवर कोंड्याची पेज रटरटत होती. मावशीनं जाताक्षणी पुडी उचलली आणि त्या उकळीतच ओतायला निघाली.

"मावशी, जंतू शिजवून राहिल्या तुम्ही!" तो ओरडला. मला हसू आलं. मावशी हसली नाही.

पेज उतरवली. पिल्लं भुकेनं किंचाळत होती. पेज लवकर निवावी म्हणून मावशीनं नळाच्या पाण्याची बादली उचलली, तर यानं तिचा हात धरला. त्या दिवशी पाण्याला ब्लीचिंग पावडरचा उग्र वास होता. "यानंबी जंतू मरतात. थोडं थांबा."

"पिल्लं मरून राहिले अन् तुमी थांबा म्हणता?"

"खाऊ दे रे त्यांना," मीही म्हणालो. तो ऐकेना. एका हातानं पेज ढवळत होता, बोट बुडवत होता, चटका बसला की काढत होता. सगळ्यांत अशक्त पिल्लू त्यानं मांडीवर घेतलं होतं आणि चमच्यानं त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजत होता.

पेज कोमट झाली तोवर ते पिल्लू गेलं होतं.

"उपाशी मारलं तुमी," मावशी म्हणाली.

त्यानं पिल्लू खाली ठेवलं, पुडी पेजेत मिसळली, बाकीच्यांना वाढली आणि मोटरसायकलला किक मारली.

पुढच्या बुधवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कंपनीत फोन केला, तर नोकरी सोडल्याचं कळलं. कुठे गेला, कोणालाच ठाऊक नव्हतं.

बाकीची पिल्लं सावरली. गेलेलं पिल्लू तसंही वाचलं नसतं, असं गुरांच्या डॉक्टरांनी मावशीला सांगितलं. हे त्याला कोण सांगणार? मला फार वाईट वाटतं.

मावशीनं नंतर ती सगळी विकली, त्या पिल्लांतलं एक तेवढं ठेवलं. खाऊन खाऊन ते आता दारात मावत नाही. परवा मी विचारलं, "मावशी, हे काहून नाही विकत?"

"तो भाऊ कधी आला तं त्याले दाखवाले ठेवलं जी," ती म्हणाली. "त्याले वाटत असन, सगळेच मेले."